हाळी कशी चालते

३ नोव्हेंबर

चंद्रभानशी बोलणं बंद झालं म्हणून ही डायरी घेतली. भांडण वगैरे काही नाही. पोळ्याच्या सुमारास त्याला लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातून सुटल्यावर त्याच्या मुलाने, ऋषिकेशने, त्याला हुडकेश्वरच्या घरी एकटं न ठेवता पारशिवनीजवळच्या गावी शेतावर नेलं. तिथे ऋषिकेश आहे, सून दामिनी आहे, बघायला माणसं आहेत. बरोबरच केलं त्यांनी. पण माझं काय?

इतकी वर्षं रोज दिवेलागणीला आमचा फोन असायचा. भाजी काय केली इथपासून विश्वाचा अंत कसा होईल इथपर्यंत. आता ती वेळ आली की मी उगाच गॅसचा ओटा पुसत बसतो. नागपुरात, सक्करदऱ्याच्या या दोन खोल्यांत माझं ऐकायला फक्त कुकर आहे, आणि तोही मध्येच शिट्टी मारतो. दिवाळी कशी गेली ते लिहीत नाही.

७ नोव्हेंबर

डायरीला आमची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर हिला काही कळायचं नाही. मी मधुसूदन, पाटबंधारे खात्यातला निवृत्त हेडक्लार्क. लग्न केलं नाही. चंद्रभान शाळेत विज्ञान शिकवायचा. आम्ही दोघांनी मिळून मुलांसाठी अंतराळातल्या गोष्टी लिहिल्या, दिवाळी अंकांत यायच्या. मी माणसं करायचो, तो यंत्रं करायचा. भाषा मी तपासायचो, कारण त्याचं मराठी म्हणजे थेट वावरातून पायही न धुता घरात आलेलं.

आमच्या प्रत्येक गोष्टीत एक यंत्र असायचं, त्याचं नाव हाळी. शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला जोरात हाक मारतात, तिला हाळी देणं म्हणतात. नाव चंद्रभाननेच ठेवलं. संत्र्याच्या फोडीसारखं वाकलेलं, मुठीत मावेल एवढं. बटण नाही, पडदा नाही. मुठीत धरून बोललं की शनीच्या चंद्रावरच्या माणसाला ऐकू जातं.

आज पुण्याहून फोन आला. वेदिका नावाची संपादक मुलगी, गोड बोलते. त्यांना आमच्या सगळ्या गोष्टींचं एक पुस्तक करायचं आहे. "फक्त शेवटी एक परिशिष्ट द्या ना सर. हाळी नेमकी कशी चालते? आता मुलांच्या हातात मोबाइल असतो, ती विचारणारच."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि ध्यानात आलं की हाळी कशी चालते हे मला माहीतच नाही. मी ती फक्त माणसांच्या हातात दिली. बाकी सगळं चंद्रभानच्या डोक्यात. त्याने एक ओळ कधी लिहून ठेवली नाही, विचारलं की सांगायचा. आणि त्याला न विचारता मी पुस्तकाला होकार देऊन बसलो आहे.

१० नोव्हेंबर

वाचनालयातून अंतराळाच्या मिळतील तेवढ्या कादंबऱ्या आणल्या. दुसऱ्यांची यंत्रं कशी चालतात ते पाहावं म्हटलं. मजा असते. यांची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते आणि नायक दरीत लोंबकळत असला की नेमकी तेव्हा संपते. राँग नंबर लागत नाही. "आवाज येतोय का?" असं कुणी कुणाला विचारत नाही. परग्रहावरचा हिरवा प्राणी पहिल्या फटक्यात शुद्ध बोलतो, आमच्या ऑफिसातल्या लोकांना जे जमलं नाही. चार्जर हा शब्द तर एकाही पानावर सापडला नाही. एकूण ही यंत्रं विजेवर चालत नाहीत, लेखकाच्या सोयीवर चालतात.

चंद्रभानला सोय खपायची नाही. पहिल्याच गोष्टीत आमचा नायक शनीच्या चंद्रावरून आईला हाक मारतो. मी आईचं उत्तर पुढच्याच ओळीत लिहिलं. चंद्रभानने कागद परत केला. म्हणाला, आवाज तिथून इथे यायला तासाच्या वर लागतो आणि उत्तर जायला तेवढाच. मी चिडलो, तोवर वाचक झोपेल म्हटलं. तर म्हणतो, "प्रकाशाले बी चालतच यावं लागते गा मधू. अन् तुह्या हिरोले एवढी काय घाई हाये?"

मग आमचा नायक बोलायचा आणि बसून राहायचा. भात लावायचा, जेवायचा, एक डुलकी काढायचा, तेव्हा कुठे आईचा आवाज यायचा. मुलांना तेच आवडलं. एका मुलीने पत्र पाठवलं होतं की तिचे बाबा सैन्यात आहेत आणि त्यांचा फोनही असाच येतो.

त्या पत्रावर आम्ही आठवडाभर बोललो होतो. आता असं काही आलं तर मी ते कुणाला वाचून दाखवू?

१४ नोव्हेंबर

आज धीर करून पारशिवनीला फोन केला. दामिनीने उचलला. "थांबा काकाजी, बाबाजवळ देते. बोलता येत नाही त्याइले, पण समजते सगळं."

मग मी जो सुटलो तो सुटलो. इतक्या दिवसांचं तुंबलेलं. इकडची थंडी, तलावाकाठचं खोदकाम, माझा गुडघा, पुण्याचं पुस्तक. म्हटलं, "चंद्रभान, मी हो म्हणून टाकलं रे. तुला विचारणार कसं?" पलीकडून नुसता श्वास. मी पुन्हा बोलत राहिलो, कारण गप्प बसलो की तो श्वास फार मोठा ऐकू यायचा. मग काहीतरी टप्प वाजलं आणि फोन बंद.

पुस्तकाचं नाव काढलं आणि त्याने फोन आपटला. साठीनंतर माणूस हट्टी होतो म्हणतात, हा तर आधीपासूनच होता.

२१ नोव्हेंबर

परत केला. या वेळी पुस्तकाचा विषयच काढला नाही. शाळेतल्या जुन्या गमती काढल्या, त्याच्या आवडीच्या. तो हसला असावा असं वाटलं, घशातून एक आवाज आला. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून उठलो. तेवढ्यात टप्प. बंद.

दामिनीचाही उलट फोन आला नाही. समजलो. आता मी करणार नाही. ज्याला माझं बोलणं नको त्याच्या गळ्यात ते बांधायचं नाही.

२७ नोव्हेंबर

इथे खोटं लिहून उपयोग नाही. मला कुणी विचारेल, पारशिवनी काय अमेरिकेत आहे? एसटीत बसलं की पोहोचलं. आज बसस्टँडपर्यंत गेलोही. गाडी लागलेली होती, खिडकीची जागाही रिकामी होती. मी शेंगदाण्याची पुडी घेतली, बाकावर बसून संपवली आणि घरी आलो.

मला भीती वाटते. आमच्या दोघांत तो बोलणारा. मी म्हणजे त्याचं बोलणं साफ करून लिहिणारा कारकून. तो समोर गप्प बसलेला असला तर मी काय करायचं, कुठे पाहायचं? आणि त्याने तोंड फिरवलं तर परतीच्या गाडीत मी कसा बसेन?

४ डिसेंबर

परिशिष्ट लिहायला घेतलं. "हाळी हे अतिप्रगत संदेशवहन उपकरण असून" इथवर आलो आणि आमच्या खात्याच्या परिपत्रकाचा वास आला. फाडलं. दुसऱ्यांदा किरण, लहरी, कंपनं असं काय काय घातलं. ते वाचून मलाच कळलं नाही. चंद्रभान असता तर तीन वाक्यांत सांगून मोकळा झाला असता, आणि मी त्यातले 'हाये' बदलून 'आहे' केले असते.

वांगं भाजून भरीत केलं. एकट्यासाठी एक वांगंही जास्तच होतं.

९ डिसेंबर

आज चंद्रभानचा मेसेज आला. त्याच्या स्वतःच्या नंबरावरून. चष्मा सापडेना. उघडला तर एकच शब्द.

राहिलो.

दुपारपासून तो शब्द घेऊन बसलो आहे. काय राहिलो? उपाशी राहिलो? तसं सुनेबद्दल लिहिणारा तो नव्हे. जिवंत राहिलो? ते तर मला माहीत आहे. खूप विचार केला आणि एकच अर्थ लागतो. मागे राहिलो. तू पुढे गेलास, पुस्तक घेऊन पुण्याला पोहोचलास, आणि मी इथे मागे राहिलो.

खरंच आहे ते. पण त्याने ते म्हणावं याचं फार लागलं. संध्याकाळी उत्तर टाकलं, "काळजी घे." दोन निळ्या रेघा आल्या. मग काही नाही.

१२ डिसेंबर

वेदिकेला फोन करून पुस्तक नको सांगणार होतो. नंबर काढला आणि ठेवला. पुस्तक नको म्हटलं तर चंद्रभानशी असलेला शेवटचा धागाही गेला. हो म्हटलं तर तो मागे राहतो. काहीही केलं तरी मी एकटाच उरतो, हे मात्र पक्कं.

१६ डिसेंबर

तिचाच फोन आला. "सर, दुसऱ्या गोष्टीत एक वाक्य अडलंय. नायकाची आई हाळीवर म्हणते, 'बोल बाबू, मी ऐकून राहिली.' म्हणजे तिचं ऐकून झालं आणि मग ती तिथेच राहिली, असं आहे का? मी 'ऐकून थांबले' असं करू?"

चंद्रभानचं वाक्य! माझ्या नजरेतून सुटलेलं दिसतं. मी तिला समजावलं की 'ऐकून राहिली' म्हणजे ऐकते आहे. आमच्या नागपूरकडे सगळं असंच चालतं. जेवून राहिलो, येऊन राहिलो, पाहून राहिलो. यातल्या 'राहिलो'चा मागे राहण्याशी काही संबंध नाही. ते नुसतं शेपूट असतं, त्यावरून एवढंच कळायचं की काम चालू आहे, माणसाने ते सोडलेलं नाही.

"किती छान आहे हे!" ती म्हणाली.

"छान कसलं, अशुद्ध आहे. 'मी ऐकते आहे' करून टाका," मी म्हटलं. पुण्याच्या लोकांना कशाचंही कौतुक वाटतं. परिशिष्टाची आठवणही करून दिली तिने. चहापत्ती संपली आहे, उद्या आणायला हवी.

१७ डिसेंबर

चहापत्ती आणायला गेलो होतो. दुकानदार मान आणि खांद्यात फोन धरून साखर तोलत होता आणि पलीकडच्याला सांगत होता, "येऊन राहिलो ना गा! येऊनच राहिलो!"

मी तसाच बाहेर पडलो. त्याने मागून आवाज दिला की पुडा राहिला, तरी थांबलो नाही. घरी येऊन मेसेज पुन्हा उघडला.

राहिलो.

शेपूट आलं होतं. धड वाटेतच कुठेतरी पडलं. तो मागे राहिला नव्हता. तो ऐकून राहिला होता. मी फोनवर इतकं बडबडलो, त्याला त्याने डाव्या हाताने उत्तर दिलं, आणि मी त्यावर "काळजी घे" म्हटलं, ऑफिसातल्या माणसाला निरोप दिल्यासारखं. भाषा तपासणारा म्हणे मी. अख्ख्या नागपुरात माझ्याएवढा शहाणा शोधून सापडायचा नाही.

परिशिष्ट जसं जमेल तसं आज लिहून काढलं. उद्या त्याला नेऊन दाखवतो. सकाळच्या गाडीने येतोय असं ऋषिकेशला कळवलं.

१८ डिसेंबर, चंद्रभानकडे

सकाळच्या एसटीने आलो. फाट्यावर ऋषिकेश मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत एक शब्द बोलला नाही, मला वाटलं पोरगाही रागावला. उतरताना म्हणाला, "काकाजी, बरं केलं आले. बाबा सकाळपासून रस्त्याकडेच पाहून राहिले."

चंद्रभान अंगणात उन्हात खाटेवर बसला होता. वाळला आहे खूप. मला पाहून तो अर्ध्या चेहऱ्याने हसला, उरलेला अर्धा तसाच राहिला. मी उभ्या उभ्या रडलो. दामिनी पाणी घेऊन आली आणि तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "इकडं याले काहून एवढे दिवस लावले जी तुमी?"

मी म्हटलं, "त्याला माझं बोलणं नको होतं. दोनदा फोन आपटला त्याने."

"आपटला?" दामिनी कपाळावर हात मारून घेत म्हणाली. "अवं माय! काकाजी, तुमचा फोन आला का ते दुसऱ्या कोणाले धरूच नाही देत. मी कानाले लावून देते म्हटलं तं हात झटकतात. डाव्या हातानं आपणच धरतात, त्यातबी जोर नाही, मंग सुटते. पडला का बंद. मी परत लावून देते म्हटलं का मानेनं नाही म्हणत, शरम वाटे त्याइले. मंग दिवसभर जेवाले बी नाही उठत."

"आणि तो मेसेज?"

"त्याले पुरी सकाळ लागली. आधीचा शब्द सापडूनच नाही राहिला त्याइले. मंग जेवढा सापडला तेवढाच धाडला."

चंद्रभान आमच्या दोघांकडे पाळीपाळीने पाहत होता. कुणी त्याच्याबद्दल बोललेलं त्याला कधी आवडलं नाही, आजही आवडत नव्हतं. मी खाटेवर त्याच्या डाव्या बाजूला बसलो. भीती वाटत होती तशी काही वाटली नाही. दामिनीने उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून ठेवल्या. मी सोलायच्या, त्याने खायच्या, असं बराच वेळ चाललं. मग मी परिशिष्ट काढलं. "हाळी कशी चालते ते लिहिलंय. चुकलं असेल तर हसू नको."

त्याने डोळे मिटले. ऐकताना तो नेहमीच डोळे मिटतो, म्हणजे फोनवरही मिटत असणार, मला कसं दिसणार! मी वाचत गेलो. हाळीला बटण का नाही, मुठीतल्या उबेवर ती कशी जागी होते, आवाज प्रकाशाच्या पाठीवर बसून कसा जातो, मध्ये वेळ का लागतो. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग मी वाचलं, "बोलणाऱ्याला हाळी मुठीत घट्ट धरावी लागते. ऐकणाऱ्याला मात्र काहीच करावं लागत नाही."

"चूक."

मी दचकून वर पाहिलं. दामिनी आतून पोळपाट तसाच टाकून धावत आली. ऋषिकेश दारात उभाच राहिला. चार महिन्यांत चंद्रभानच्या तोंडून पुरा शब्द आला नव्हता, आणि आला तोही मास्तरचा.

"काय चूक?" मी विचारलं. त्याचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण पुढचं काही येईना. मी सवयीने त्याच्याऐवजी बोलणार होतो, शब्द जिभेवर आलेही होते. ते गिळले आणि बसून राहिलो. जरा वेळाने त्याने माझ्या खिशाकडे हात नेला. माझा फोन काढून घेतला, डाव्या मुठीत धरला आणि कानाला लावला. फोनवर कुणी नव्हतं. बोटं पांढरी पडली, हात थरथरू लागला. मी खालून आधार द्यायला गेलो तर त्याने कोपराने मला ढकललं आणि तो फोन तसाच धरून ठेवला, माझ्याकडे पाहत.

मी ते वाक्य खोडलं. तिथे लिहिलं, "ऐकणाऱ्यालाही हाळी मुठीत धरावी लागते, आणि बोलणाऱ्यापेक्षा त्याला जोर जास्त लागतो." वाचून दाखवलं. त्याने फोन मांडीवर ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले. म्हणजे पास झालो.

आता शेवटचं एक वाक्य उरलं होतं. मुलांना निरोप म्हणून मी ते घरी फार विचार करून लिहिलं होतं, लिहिताना मला भरूनही आलं होतं. "या हाळीच्या गोष्टी आम्ही दोघे मिळून लिहीत होतो."

"चूक," चंद्रभान डोळे न उघडताच म्हणाला.

या वेळी मी काय चूक ते विचारलं नाही. पेन्सिलीने 'लिहीत होतो' खोडलं आणि 'लिहून राहिलो' केलं. पुण्याला पाठवताना वेदिकेला कळवायचं आहे, या शब्दाला हात लावायचा नाही.